मैदान, कॅमेरा आणि भाव एकाच हाती

उरण तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. ते बरेच सविस्तर असल्याने त्यातील मुख्य भाग थोडा आटोपून, पण त्यांच्याच शब्दांत देत आहे.

"आमच्या गावात गेली नऊ वर्षे टेनिस चेंडूवरची क्रिकेट स्पर्धा भरते. सोळा संघ असतात, प्रत्येक संघाला मालक असतो, खेळाडूंचा लिलाव होतो. मी समितीत आहे, एक संघ माझा आहे, आणि सामन्यांचे यूट्यूबवरील थेट प्रक्षेपणही मी व धाकटा भाऊ करतो. कॅमेरे, मिक्सर आणि जनरेटर यांसाठी पतपेढीचे साडेसहा लाखांचे कर्ज आहे. गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात धावचीतच्या रीप्लेवरून थोडा वाद झाला, तो मिटला. जर्सीच्या जाहिरातीचे तेव्हा पंचेचाळीस हजार मिळाले होते. यंदा एका कंपनीचा माणूस भेटला. स्पर्धेत ५१ टक्के भागीदारी घेऊन ते तीन वर्षांचे अठरा लाख देणार. त्यांच्या अटी अशा आहेत: कॅमेऱ्याचे चित्र यूट्यूबवर जाण्याआधी थेट त्यांच्याकडे जावे, त्यांचा एक माणूस स्कोअररच्या शेजारी बसेल, जर्सीवर त्यांच्या क्रीडाबातम्यांच्या संकेतस्थळाचे नाव असेल, आणि चार लाख करारावर व बाकीचे रोख मिळतील. टोकनचे पन्नास हजार माझ्या खात्यात आलेसुद्धा. मागे बेटिंगचे ॲप आहे हे मला कळते. पण भाचा म्हणतो, इंग्लंडमध्ये बेटिंग कंपनीवाले फुटबॉल क्लब चालवतात, महालक्ष्मीला घोड्यांवर पैसे लागतात, ड्रीम इलेव्हनचे नाव भारतीय संघाच्या छातीवर होते, मग आपणच सोवळे का पाळायचे? आम्ही स्वतः एक रुपयाही लावणार नाही. होकार द्यावा का?"

सप्रेम नमस्कार.

होकार देऊ नका, आणि खात्यात आलेले पन्नास हजार परत करा. ते कसे परत करायचे हे शेवटी लिहितो, कारण त्यातही फसगत होऊ शकते. उत्तर एवढेच असते तर ते पोस्टकार्डावर मावले असते. परंतु तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर असे वाटले, की तुम्ही स्वतःला जाहिरातीची जागा विकणारे समजत आहात आणि समोरचा माणूस नेमके काय विकत घेतो आहे याचा तुम्ही अजून हिशेब केलेला नाही.

तो हिशेब तुमच्याच आकड्यांनी करू. गेल्या वर्षी जर्सीच्या छातीचे मोल पंचेचाळीस हजार होते. यंदा जर्सी तीच, मैदान तेच आणि प्रेक्षकही बहुतेक तेच. तरीही वर्षाला सहा लाख मिळणार आहेत. जाहिरातीची किंमत एका वर्षात तेरा पटींनी वाढण्याइतके तुमच्या गावात काही घडलेले नाही. वरचे साडेपाच लाख ज्याचे आहेत ते अटींमध्ये उघड लिहिलेले आहे, फक्त ते जर्सीच्या अटीत लिहिलेले नाही.

तुम्ही प्रक्षेपणाचा व्यवसाय करता, तेव्हा विलंब म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटतो, ते चित्र कॅमेऱ्यातून मिक्सरमध्ये, तिथून लॅपटॉपवर, मग इंटरनेटवरून यूट्यूबच्या सर्व्हरवर आणि अखेर प्रेक्षकाच्या फोनवर पोहोचते. सेटिंग कोणते ठेवले आहे आणि नेटवर्क कसे आहे यावर हा प्रवास काही सेकंदांत होतो किंवा त्याला अर्धे मिनिटही लागते. म्हणजे तुमच्या मैदानावरचा फलंदाज त्रिफळाचीत होऊन मंडपाकडे चालू लागलेला असतो आणि सुरतेत किंवा दुबईत फोन धरून बसलेल्या माणसाला गोलंदाज अजून धावत येताना दिसत असतो. गावातल्या प्रेक्षकाला या फरकाने काही बिघडत नाही. पण त्या ॲपवर प्रत्येक चेंडूचे, प्रत्येक षटकाचे, 'सेशन'चे (ठरावीक षटकांत किती धावा होतील याचे) भाव चालू असतील, तर ज्याला निकाल पंधरा सेकंद आधी कळतो त्याच्यासाठी तो सट्टा उरतच नाही, ती वसुली होते. चित्र यूट्यूबच्या आधी त्यांच्याकडे जावे, ही अट याच पंधरा सेकंदांसाठी आहे. मोठ्या खेळांतही हीच चोरी चालते. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपन टेनिस स्पर्धेत प्रेक्षकांत बसून प्रत्येक गुणाचा निकाल बाहेर कळवत असल्याच्या संशयावरून एका ब्रिटिश तरुणाला मेलबर्नमध्ये अटक झाली होती. पुढे त्याच्यावरचा आरोप मागे घेतला गेला, पण धंद्याची रीत त्यातून जगाला कळली. त्या तरुणाला निदान लपूनछपून बसावे लागले होते. तुमच्या मैदानावर मात्र त्याच कामासाठी करारानुसार खुर्ची मांडली जाणार आहे.

ती खुर्ची स्कोअररच्या शेजारी आहे, याचे मला जास्त वाईट वाटले. विद्यार्थी असताना मी पावसाळ्यात मुंबईच्या कांगा लीगच्या क्रिकेट सामन्यांना गुणलेखक म्हणून बसत असे. दोन्ही संघांचे दोन गुणलेखक एकाच बाकावर, एकाच गळक्या तंबूखाली शेजारी बसत आणि प्रत्येक षटक संपले की वह्या मिळवून पाहत. लेगबाय की धाव, वाईडवर एक की दोन, यावरून आम्ही कुजबुजत्या आवाजात भांडलो आहोत, पण पुढचे षटक सुरू होईपर्यंत दोन्ही वह्यांत एकच आकडा असे. हा काही मुंबईकरांचा खास सोपस्कार नव्हे. क्रिकेटच्या नियमांतील तिसरा नियम गुणलेखकांविषयी आहे आणि दोन गुणलेखक नेमावेत, त्यांनी वारंवार आपापल्या नोंदी जुळवून पाहाव्यात, असे तो सांगतो. एका माणसाच्या प्रामाणिकपणावर विसंबून राहायचे नाही, परस्परविरोधी हित असलेल्या दोघांना शेजारी बसवायचे, अशी ती साधी पण फार हुशारीची व्यवस्था आहे. तुमच्याकडे बहुधा एकच मुलगा मोबाइलवरच्या ॲपमध्ये धावा भरतो. आता त्याच्या शेजारी, ज्याचे पैसे त्या आकड्यावर लागलेले आहेत असा माणूस बसेल, आणि त्या मुलाने चूक केलीच तर ती दुरुस्त करायची की तशीच राहू द्यायची, हे ठरवण्यात त्या माणसाचा वाटा असेल.

उरली ५१ टक्क्यांची अट. पंच कोण, सामने कोणत्या दिवशी, पावसामुळे षटके किती कापायची, आक्षेप आला तर निर्णय कोणाचा, हे सगळे आज तुमची समिती ठरवते. उद्या ते ठरवणारा तोच असेल, ज्याच्या हाती चित्र आणि भाव दोन्ही आहेत. मालकी, चित्र आणि भाव या तीन गोष्टी स्वतंत्रपणे कोणाकडेही असल्या तरी बाकीचे दोघे त्याच्यावर नजर ठेवू शकतात. मालकाने लबाडी केली तर कॅमेरा ती पकडतो, कॅमेऱ्याने लपवाछपवी केली तर ज्याचे पैसे बुडाले तो ओरडतो. तिन्ही एका मुठीत गेल्या की ओरडणाऱ्यालाही पाहायला तेच चित्र मिळते.

हे तिन्ही धागे एकत्र आल्यावर काय होते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण तुमच्यासारख्याच एका गावात घडलेले आहे. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील मोलिपूर गावात २०२२ साली, खरी आयपीएल संपल्यानंतर थोड्याच दिवसांत, एक शेत भाड्याने घेऊन तिथे खेळपट्टी तयार केली गेली, हॅलोजनचे दिवे लावले गेले आणि शेतमजूर व बेरोजगार तरुणांना चेन्नई, मुंबई, गुजरात या संघांच्या जर्सी घालून खेळायला उभे केले गेले. प्रत्येक सामन्याला त्यांना चारशे रुपये मिळत. सामने यूट्यूबवर थेट दाखवले जात, प्रेक्षकांचा गलका इंटरनेटवरून उतरवून घेतलेला होता आणि हर्षा भोगले यांच्या आवाजाची नक्कल करणारा एक जण समालोचनाला बसवला होता. पैसे लावणारे रशियातले होते आणि भाव टेलिग्रामवर घेतले जात. भाव घेणारा माणूस वॉकीटॉकीवरून पंचाला सांगे, पंच खुणेने फलंदाजाला व गोलंदाजाला सांगे, आणि सांगितल्याप्रमाणे चौकार जाई किंवा गडी बाद होई. पोलिसांनी धाड घातली तेव्हा ही 'आयपीएल' उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली होती. लोक या बातमीवर पोट धरून हसले, मीही हसलो. पण तुमच्या पत्रातल्या अटी वाचल्यावर तीच बातमी पुन्हा आठवली, आणि या वेळी हसू आले नाही, कारण मोलिपूरमध्ये जे काही उभारावे लागले ते सगळे तुमच्याकडे आयते आहे: खरे मैदान, खरे खेळाडू, नऊ वर्षांची पुण्याई आणि आगरी बोलीत बहार उडवून देणारा समालोचक. त्याच्या दोन वर्षे आधी, २०२० च्या जूनमध्ये, चंदीगडजवळच्या सवारा गावात खेळवलेला सामना श्रीलंकेतील उवा प्रांताच्या टी-ट्वेंटी स्पर्धेचा म्हणून ऑनलाइन दाखवला गेला होता. पाहणाऱ्याला फक्त चौकट दिसते, चौकटीबाहेर कोणता देश आहे हे दिसत नाही.

"आम्ही स्वतः एक रुपयाही लावणार नाही" या तुमच्या वाक्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, तरीही त्याचा इथे उपयोग नाही, कारण तुम्ही पैसे लावावेत अशी कंपनीची अपेक्षाच नाही. तुम्ही फक्त बाजूला सरायचे आहे. कंपनी ज्यांच्यापर्यंत पोहोचेल ती तुमच्या संघांतली मुले आहेत, आठवडाभर कंटेनर यार्डात किंवा गोदामात काम करून रविवारी खेळायला येणारी. त्यांना सामना हरायला कोणी सांगणार नाही. दुसऱ्या षटकाचा चौथा चेंडू वाईड टाक, एवढेच सांगितले जाईल, आणि टेनिस चेंडू वाऱ्यावर कसा भरकटतो हे ठाऊक असलेल्या मैदानावर कोणाला शंकाही येणार नाही. २०१० साली लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या गोलंदाजांनी टाकलेल्या नोबॉलच्या मागे हाच व्यवहार होता आणि त्यापायी तीन खेळाडूंना पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये तुरुंगात जावे लागले. त्यांतला सर्वांत लहान, मोहम्मद आमिर, त्या सामन्याच्या वेळी अठरा वर्षांचा होता. क्रिकेट मंडळाच्या मान्यतेने होणाऱ्या सामन्यांवर लाचलुचपतविरोधी पथकाची निदान नजर तरी असते. तुमच्या स्पर्धेवर नजर ठेवणारे तुम्हीच.

आता भाच्याच्या दाखल्यांकडे येतो. मुलगा वाचणारा आहे, त्यामुळे त्याला उडवून लावू नका. त्याचे दाखले खरे आहेत, फक्त ते अर्धे आहेत. बेट३६५ ही सट्टा कंपनी २००० साली स्टोक शहरात सुरू झाली आणि तिथला स्टोक सिटी हा फुटबॉल क्लब ती कंपनी चालवणाऱ्या कोट्स कुटुंबाकडेच आहे, मैदानाला २०१६ पासून कंपनीचे नावही आहे. पण तिथे सट्टा हा परवान्याचा धंदा आहे, त्यावर सरकारी आयोग आहे, आणि इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०१४ पासून वरच्या स्तरांवरील खेळाडूंना व क्लबच्या माणसांना जगात कुठल्याही फुटबॉल सामन्यावर पैसे लावायला बंदी केलेली आहे. एवढे असूनही गाडी रुळावरून घसरायची ती घसरलीच. २०२० च्या जानेवारीत असे उघड झाले, की एफए कप या तिथल्या फुटबॉल स्पर्धेचे काही सामने सट्टा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दाखवले जात होते आणि ते पाहण्यासाठी त्या कंपनीकडे खाते उघडून त्यात पैसे भरावे किंवा सामन्याआधीच्या चोवीस तासांत सट्टा लावावा लागत होता. सामना पाहण्याचे तिकीट म्हणजे सट्टा, असा तो प्रकार होता. राजकारण्यांनी झोड उठवल्यावर काही दिवसांतच ते सामने सर्वांना मोफत पाहता येतील अशी व्यवस्था करावी लागली. प्रीमियर लीगच्या क्लबांनीही २०२३ साली ठरवले, की २०२५-२६ च्या हंगामानंतर जर्सीच्या छातीवर सट्टा कंपनीचे नाव घालायचे नाही. म्हणजे भाचा ज्या घराकडे बोट दाखवतो आहे, त्या घरातली माणसे सामान आवरत आहेत.

घोड्यांचे थोडक्यात सांगतो. शर्यतीवरील पैज ही कौशल्याशी निगडित आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले आणि महालक्ष्मीला किंवा पुण्याला जे चालते ते परवाना घेतलेल्या आवारात, क्लबच्या नियमांखाली चालते. राज्याच्या १८८७ च्या जुगारविरोधी कायद्यात त्याला वेगळी वाट करून दिलेली आहे. टेनिस क्रिकेटला तशी वाट नाही.

ड्रीम इलेव्हनचा दाखला मात्र सर्वांत जवळचा आहे आणि त्याचा शेवट भाच्याने सांगितलेला दिसत नाही. पैसे भरून खऱ्या खेळाडूंचा आपला संघ निवडायचा आणि त्यांच्या कामगिरीवर बक्षीस जिंकायचे, असा 'फँटसी' खेळ चालवणारी, २००८ साली मुंबईत सुरू झालेली ही कंपनी, तिच्याच समूहाचे २०१९ पासूनचे फॅनकोड हे प्रक्षेपणाचे ॲप, आणि जगाच्या कानाकोपऱ्यातले छोटे छोटे दहा षटकांचे सामने, अशी ती साखळी होती. २०२० च्या मे महिन्यात, करोनामुळे सगळे क्रिकेट बंद असताना, प्रशांत महासागरातल्या वानुआतूमधले सामने आपल्याकडचे लोक फोनवर पाहत होते, ते वानुआतूच्या प्रेमाने नव्हे. तेव्हा हे कायद्यात बसत होते. फँटसी क्रीडा हा जुगार नाही असे मुंबई उच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये म्हटले होते. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य असो वा नशीब, पैसे भरून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटीपर्यंत दंड सांगितला आहे. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा लगेच बंद केल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीचा ३५८ कोटींचा करार मुदतीआधीच सोडला. त्या सप्टेंबरच्या आशिया चषकात भारतीय संघ छातीवर कोणाचेही नाव न घालता खेळला. ज्या कंपनीकडे वकिलांची फौज होती ती माघारी फिरली, हे भाच्याला शांतपणे दाखवा.

त्याच कायद्यात तुमच्या दृष्टीने महत्त्वाची आणखी दोन कलमे आहेत. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाखांपर्यंत दंड, आणि त्यासाठीचे पैसे फिरवायला मदत करणाऱ्याला चालवणाऱ्याइतकीच शिक्षा सांगितली आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण तुम्ही खेळणारे नाही. जर्सीवर ॲपचे नाव नसून बातम्यांच्या संकेतस्थळाचे नाव आहे, या आडोशाचा भरवसा धरू नका. बातम्यांचे रूप घेतलेल्या सट्ट्याच्या संकेतस्थळांची जाहिरात करू नये, असे केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्येच वाहिन्यांना व डिजिटल माध्यमांना बजावले होते. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या किरकोळ संघटित गुन्ह्यांच्या यादीत अनधिकृत सट्टा आणि जुगार ही नावे स्पष्ट आहेत, आणि त्याची शिक्षा एक ते सात वर्षे आहे. इथे एक विचित्र गोष्टही सांगायला हवी. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात २०१९ मध्ये बेळगावच्या संघाच्या मालकाला अटक झाली होती, पण सामन्याचा निकाल आधीच ठरवणे (मॅच फिक्सिंग) ही दंडविधानाच्या कलम ४२० खालची फसवणूक ठरत नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. यावरून सुटकेचा निःश्वास टाकू नका. त्याचा अर्थ एवढाच, की पोलीस सामन्याच्या दाराने न येता पैशांच्या दाराने येतील, आणि चौदा लाख रोख घेणाऱ्याच्या घराला ते दार फार मोठे असते.

मालकाच्या चुकीची किंमत कोण मोजतो याचा दाखला पुण्याचाच आहे. २०१३ च्या आयपीएलमधील सट्ट्याच्या प्रकरणात चेन्नई संघाशी संबंधित गुरुनाथ मय्यप्पन आणि राजस्थान संघाचे सहमालक राज कुंद्रा यांच्यावर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने २०१५ च्या जुलैमध्ये आजीव बंदी घातली आणि दोन्ही संघांना दोन वर्षे बाहेर बसवले. त्या रिकाम्या जागेत पुण्याला दोन हंगामांपुरता एक संघ मिळाला आणि धोनी व रहाणे तिथे खेळले. त्यांना निदान खेळायला दुसरा संघ मिळाला. तुमच्या स्पर्धेवर गुन्हा दाखल झाला तर तुमच्या मुलांना शेजारच्या गावच्या स्पर्धेत कोणी लिलावात बोली लावेल का, याचा विचार करा.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे वळतो, कारण तुमच्या पत्रातले मला सर्वांत खटकलेले वाक्य कंपनीविषयीचे नव्हते. "धावचीतच्या रीप्लेवरून थोडा वाद झाला, तो मिटला," असे तुम्ही लिहिले आहे. तो उपांत्य सामना तुमच्या संघाचा होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि तसे नसते तर तुम्ही ते आवर्जून लिहिले असते असे मला वाटते. कॅमेरा तुमचा, तो चालवणारा तुमचा भाऊ, रीप्ले कोणत्या कोनातून आणि कोणत्या क्षणी थांबवायचा हे त्याच्या बोटावर, निर्णयावर आक्षेप आला तर तो ऐकणाऱ्या समितीत तुम्ही, आणि क्रीजबाहेर राहिलेला किंवा न राहिलेला फलंदाज तुमच्या संघाचा. भावाने अगदी सचोटीने चित्र दाखवले असेल. पण समोरच्या संघाने ते कशाच्या आधारावर मानायचे? वाद मिटला असे तुम्ही म्हणता. मला शंका आहे, की तो मिटला नाही, समोरच्यांनी तुमच्या वयाकडे पाहून तोंड मिटले. कंपनीचा माणूस तुमच्याकडेच का आला, याचेही उत्तर यात असावे. तीनपैकी दोन गोष्टी एका घरात आधीच असल्या की तिसरी आणून ठेवणे सोपे जाते.

मोठ्या लोकांतही संघ आणि प्रक्षेपण एका हाती असते, हे खरे. मुंबई इंडियन्स ज्या उद्योगसमूहाचा, त्याच समूहाचा जिओहॉटस्टारमध्ये मोठा वाटा आहे, आणि हैदराबादचा संघ सन टीव्हीकडे आहे. परंतु पंच आणि तिसरा पंच नेमणे त्यांच्या हाती नसते, ते मंडळाकडे असते. मंडळातही हा गुंता होताच. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना संघात व्यावसायिक हितसंबंध ठेवण्याची मुभा देणारी नियमातली दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या जानेवारीत रद्द केली, तेव्हा तो निदान कागदावर सुटला. तुम्हाला न्यायालयाची वाट पाहायची गरज नाही. या हंगामापुरता संघ विका किंवा समितीचा राजीनामा द्या. माझ्या मते संघ सोडावा, कारण तुमचे पोट कॅमेऱ्यावर आहे आणि संघ हा हौसेचा भाग आहे. संघ सोडवतच नसेल, तर तुमच्या संघाच्या सामन्याला रीप्लेच्या लॅपटॉपवर दुसऱ्या गावचा, दोन्ही कर्णधारांना मान्य असलेला माणूस बसवा, आणि गुणलेखक दोन ठेवा. एक मोबाइलवर आणि एक वहीत, षटकागणिक जुळवून पाहणारे.

कर्जाचे म्हणाल, तर साडेसहा लाख ही न फिटणारी रक्कम नाही, मात्र ती एका स्पर्धेवर फेडायची म्हटली तर फिटणार नाही. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत दर आठवड्याला कुठे ना कुठे टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा असतात, आणि तुमच्यासारखी सामग्री प्रत्येक मंडळाकडे नसते. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर २०२४ मध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली, तेव्हापासून या खेळाकडे पाहण्याची लोकांची नजरही बदलली आहे. दुसऱ्यांच्या स्पर्धांचे प्रक्षेपण दिवसाच्या ठरीव दराने, पावती देऊन करा. जर्सीसाठी एकच मोठा प्रायोजक शोधण्यापेक्षा उरण-पनवेलच्या वाहतूक कंपन्या, सराफ, बांधकाम साहित्याचे दुकानदार यांना सामन्यागणिक पट्टी विका. त्यातून अठरा लाख उभे राहणार नाहीत, हप्ता निघेल.

आता टोकनविषयी. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, बँकेतूनच परत करा आणि व्यवहाराच्या नोंदीत 'करार झाला नाही, आगाऊ रक्कम परत' असे लिहा. समोरचा माणूस म्हणेल, रोख द्या, किंवा हा दुसरा खाते क्रमांक घ्या आणि त्यात भरा. ते करू नका. परक्याचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवून देण्याच्या साखळीत अशाच पद्धतीने भाबडी माणसे अडकतात, आणि तपासात पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली खाते गोठवतात तेव्हा त्यात तुमच्या प्रक्षेपणाची कमाईसुद्धा अडकून पडते. ज्या खात्यातून पैसे आले ते कंपनीच्या नावाचे नसून भलत्याच कोणाच्या नावाचे असेल, आणि अशा व्यवहारांत ते बहुधा तसेच असते, तर पैसे परत करण्यापूर्वी उरणच्या एखाद्या फौजदारी वकिलाला ती नोंद दाखवा आणि तो म्हणेल त्याप्रमाणे बँकेला व पोलिसांना लेखी कळवा. तोवर त्या पन्नास हजारांतला एक रुपयाही खर्च करू नका. त्या माणसाचे व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नका. त्याला नकार फोनवर न देता लेखी द्या, दोन ओळींत, कारणांची चर्चा न करता. जर्सी छपाईला गेल्या असतील तर छापणाऱ्याला आजच फोन करून छातीवरचे नाव काढायला सांगा, पाठीवरचे क्रमांक राहू द्यात.

पतपेढीत जाल तेव्हा व्यवस्थापकांपुढे अठरा लाखांचा विषय काढू नका. मागच्या तीन हंगामांच्या प्रक्षेपणाच्या पावत्या आणि येत्या हंगामात ज्या मंडळांनी तोंडी होकार दिला आहे त्यांची नावे एका कागदावर लिहून न्या, आणि पावसाळ्याचे चार महिने हप्ता अर्धा करून मिळेल का, एवढेच विचारा.